बेणं दूरदेशीचं, पारख पाडेगावची

नोव्हेंबर उजाडला की कृष्णा, कोयना आणि वारणेच्या काठच्या उसाला तुरे दिसू लागतात. वाळव्यापासून कराडपर्यंत आणि पलूसपासून फलटणपर्यंत, हिरव्या फडांवर रुपेरी झालर चढते. वाटसरूला ते देखणं वाटतं. शेतकऱ्याच्या मनात मात्र तोडीचा हिशेब सुरू होतो. तुरा आला म्हणजे उसाची वाढ थांबली. आता तोड लांबली तर शेंड्याकडची कांडी पोकळ पडतील, पांगशा फुटतील, वजन घटेल आणि साखरेचा उताराही उतरेल. म्हणून साखर कारखान्याच्या शेतकी विभागात तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयच्या मागे एकच लकडा लागतो : तुरा आलाय, तोड लवकर द्या.

त्याच दिवसांत तामिळनाडूतल्या कोईमतूरला उसाचे संशोधक वर्षभर वाट पाहिलेल्या या तुऱ्यांपाशी पहाटेच हजर होतात. तिथलं हवामान असं आहे की तुऱ्यातले परागकण जिवंत राहतात, त्यांचा संकर होतो आणि खरं, रुजणारं बी तयार होतं. सातारा-सांगलीकडच्या थंड रात्रींत तसं बी सहसा धरत नाही. इथे नुकसानीची खूण ठरलेला तुरा तिथे नव्या जातीची सुरुवात असतो.

आपल्याकडच्या उसाचा इतिहास म्हणजे बी न धरण्याच्या या एका अडचणीवर शंभर वर्षांत काढलेल्या वाटांचा इतिहास आहे. त्यात इंडोनेशियातलं जावा बेट आहे, कोईमतूर आहे, दक्षिण आफ्रिकेतला नाताळ प्रांत आहे, तैवान आणि केनिया आहे. आणि फलटण तालुक्यातलं पाडेगाव आहे. उष्ण पट्ट्यातल्या, गुलामगिरीतून गेलेल्या देशांनी एकमेकांकडून ज्ञान कसं घेतलं आणि ते घेताना आपल्या पायावर कसं उभं राहावं, हे शिकायला उसाइतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

उसाला बी असतं

ऊस आपण कांडीनं लावतो. दोन किंवा तीन डोळ्यांची टिपरी सरीत दाबली की डोळा फुटतो आणि त्या डोळ्यातून जो ऊस येतो तो हुबेहूब आईसारखा असतो. गुण तेच आणि दोषही तेच. हजारो वर्षं जगात सगळीकडे असाच ऊस लावला गेला. त्यामुळे उसाला बीच नसतं, असा समज पक्का झाला होता.

हा समज मोडला तो १८८०च्या दशकात. जावात आणि कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावर जवळपास एकाच सुमारास, तुऱ्यातलं बारीक बी रुजतं हे लक्षात आलं. जावात त्या वेळी निकडही मोठी होती. 'सेरे' नावाच्या रोगानं तिथले मळे पोखरले होते. रोगट ऊस उंच वाढायचाच नाही, गवती चहाच्या ठोंबासारखा जमिनीलगत पसरायचा. जुन्या जातींपैकी एकही टिकेना. डच मळेवाल्यांनी पैसा घातला आणि १८८७ साली पूर्व जावात पासुरुआन इथे संशोधन केंद्र उभं राहिलं.

तिथल्या संशोधकांनी गोड, जाड, पण नाजूक उसाचा संकर नदीकाठी माजणाऱ्या रानटी ऊसगवताशी जुळवला. रानटी गवतात साखर नावापुरतीच. पण रोगाला आणि पाण्याच्या ताणाला ते सहज दाद देत नाही. पहिल्या संकरातून काटक पण फिकी रोपं मिळाली. ती पुन्हा गोड उसाशी जुळवली, मग पुन्हा. पिढीगणिक गोडी परत आली आणि काटकपणाही मुरला. या वाटेनं १९२१ साली केलेल्या एका संकरातून पीओजे २८७८ ही जात हाती आली. दहा वर्षांच्या आत जावातला बहुतेक सगळा ऊस या एका जातीखाली आला. पुढे जगभर ज्या जाती निघाल्या त्यांतल्या असंख्य जातींच्या वंशावळीत हीच आजी सापडते.

कोईमतूरचं केंद्र १९१२ साली सुरू झालं. चार्ल्स बार्बर आणि त्यांच्यानंतर टी. एस. व्यंकटरामन यांनी तिथे हीच दिशा धरली, पण साहित्य इथलं घेतलं. दक्षिणेतला जाड ऊस आणि कोईमतूरच्या परिसरातलं रानटी ऊसगवत यांच्या संकरातून को २०५ ही जात निघाली आणि १९१८ साली ती उत्तर भारतातल्या शेतकऱ्यांच्या हाती गेली. ही देवघेव बंधुभावातून झाली असं समजायचं कारण नाही. जावाचं केंद्र डच मळेवाल्यांच्या नफ्यासाठी होतं आणि कोईमतूरचं केंद्र ब्रिटिश साम्राज्याच्या साखरेसाठी. पण झाडाला साम्राज्य कळत नाही. जावाचं पीओजे २८७८ आणि कोईमतूरचं को २९० यांच्या संकरातून को ४१९ जन्माला आला, आणि दख्खनच्या कालव्यांवर त्याचं राज्य सुरू झालं.

नीरेच्या काठचं केंद्र

नीरा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला. भाटघरचं मोठं धरण १९२८ साली पूर्ण झालं आणि नीरेच्या उजव्या कालव्याचं पाणी फलटणच्या बाजूला खेळू लागलं. पाणी आलं म्हणून ऊस आला. ऊस आला तशा अडचणीही आल्या. तेव्हाचा लोकप्रिय पुंड्या ऊस रसाळ आणि मऊ, गुऱ्हाळाला उत्तम. पण त्याला पाणी आणि खत भरपूर लागे, वारा सुटला की तो लोळे, कोल्हे आणि रानडुकरं त्यावर तुटून पडत. शिवाय बेसुमार पाण्यानं काळ्या जमिनी पाणथळ आणि क्षारपड होऊ लागल्या.

या सगळ्याचा अभ्यास जागेवर व्हायला हवा होता. त्यासाठी १९३२ साली पाडेगावला ऊस संशोधन केंद्र सुरू झालं. कालव्याखालच्या मातीचे थर तपासणं, कोणत्या जमिनीला किती पाळ्या द्यायच्या हे ठरवणं, खताची मात्रा बसवणं आणि बाहेरून आलेल्या जाती इथल्या जमिनीत, इथल्या हंगामात लावून पाहणं, ही या केंद्राची कामं. जावाचा पीओजे २८७८ इथे लावून पाहिला गेला, को ४१९ पारखला गेला. 'चारशे एकोणीस' हे नाव पुढची पंचवीस-तीस वर्षं दख्खनमधल्या शेतकऱ्याच्या तोंडी राहिलं ते या पारखीमुळे.

पारख म्हणजे नेमकं काय, हे समजून घेण्याजोगं आहे. कोईमतूरच्या तुऱ्यातून निघणारं बी कापसाच्या धाग्यांत गुरफटलेल्या भुशासारखं दिसतं. संशोधक त्याला फ्लफ म्हणतात. ते इतकं बारीक असतं की चिमूटभर फ्लफमधून शेकडो रोपं उगवू शकतात. कांडीतून येणारा प्रत्येक ऊस आईसारखा असतो, तर बियांतून येणारं प्रत्येक रोप वेगळं. एकाच संकरातून निघालेल्या भावंडांत कुणी जाड, कुणी काटकुळा, कुणी गोड, कुणाला मुळं चांगली, तर कुणाला काणीचा रोग पटकन धरतो. ही हजारो रोपं ट्रेमध्ये वाढवायची, मग शेतात लावायची आणि त्यातली बहुतेक काढून टाकायची. उरलेली कांडीनं वाढवायची, पुन्हा निवडायची. मग आडसाली, पूर्वहंगामी, सुरू अशा तिन्ही हंगामांत लावून पाहायची, खोडवा ठेवून पाहायची, गाळपाला साखर किती देतात ते मोजायचं. शेवटी हजारोंतून एखादी जात उभी राहते. या सगळ्याला दहा-बारा वर्षं सहज लागतात.

या कामात घाई चालत नाही आणि मध्ये खंडही चालत नाही. एक वर्ष पाणी चुकलं, एक वर्ष नोंदी राहिल्या, एक अनुभवी माणूस बदलून गेला आणि त्याच्या जागी कुणी आलंच नाही, तर मागची सात-आठ वर्षं वाया जातात. म्हणून केंद्र म्हणजे इमारत नव्हे. एका मातीकडे पिढ्यान्‌पिढ्या बघत राहिलेली माणसं, त्यांच्या वह्या आणि ते प्लॉट मिळून केंद्र बनतं.

नाताळला गेलेलं बी

आता समुद्रापलीकडे जाऊ. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा तेव्हाचा नाताळ प्रांत उसाचा. तिथल्या फडांत राबायला १८६० साली मद्रासहून 'ट्रुरो' जहाजातून गिरमिटिया मजुरांची पहिली खेप गेली. पुढची पन्नास वर्षं हे चालू राहिलं. नाताळसारख्याच मॉरिशसच्या फडांत मराठी माणसंही होती. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या बाजूनं गेलेल्या त्या कुटुंबांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. या मळ्यांच्या इतिहासात हिंदुस्थानची पहिली निर्यात म्हणजे राबणारे हात.

दुसरी निर्यात बियांची झाली, आणि तिची प्रतिष्ठा वेगळी होती. नाताळमध्ये डर्बनजवळ माउंट एजकोम येथे १९२५ साली ऊस संशोधन केंद्र निघालं. त्यांची अडचण आपल्यासारखीच होती. हवा थंड, तुऱ्यातले परागकण निकामी, त्यामुळे संकर जमेना. त्यांनी कोईमतूरकडे फ्लफ मागितलं. कोईमतूरनं को ४२१ आणि को ३१२ यांचा संकर करून बी पाठवलं. को ४२१ची आई पुन्हा तीच, जावाची पीओजे २८७८. नाताळच्या केंद्रानं ते बी आपल्या मातीत पेरलं, रोपं वाढवली, निवड केली आणि १९४५ साली एनको ३१० ही जात दिली. नावातला 'एन' नाताळचा आणि 'को' कोईमतूरचा. त्याच जोडीच्या बियांतून पुढे एनको ३७६ निघाली आणि दक्षिण आफ्रिकेपासून स्वाझीलँड, झिम्बाब्वे, टांझानियापर्यंत पसरली.

एनको ३१०चा प्रवास तिथेही थांबला नाही. ती तैवानला पोचली आणि १९५०च्या दशकात तिथल्या बहुतांश उसाची जागा तिनं घेतली. केनियाच्या पश्चिम भागात व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूच्या लहान शेतकऱ्यांनी को ४२१, को ६१७, को ९४५ या कोईमतूरच्या जाती कित्येक दशकं लावल्या. केनियातल्या मुमियासचा शेतकरी आणि कराडचा शेतकरी एकमेकांना कधी भेटले नाहीत. पण त्यांच्या सरीतले डोळे एकाच घराण्यातले होते.

या प्रसंगातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. कोईमतूरनं नाताळला तयार जात दिली असती, तर नाताळला एक ऊस मिळाला असता. कोईमतूरनं न निवडलेलं बी दिलं. त्यामुळे निवड करण्याचं काम, आणि त्यातून येणारी समज, नाताळच्या माणसांकडे राहिली. देणाऱ्यानं कच्चा माल दिला, घेणाऱ्यानं पारख कमावली. बेणं उसनं मिळतं, पण पारख ज्याची त्यालाच कमवावी लागते.

याच काळातली एक कडवट बाजूही आहे. १९४६ साली हिंदुस्थानानं वर्णद्वेषी धोरणाचा निषेध म्हणून दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. नाताळच्या मळ्यांचा फायदा गोऱ्या मालकांनाच अधिक झाला, ज्यांच्या फडांत भारतीय आणि आफ्रिकी माणसं राबत होती. ज्ञान पोचलं म्हणून न्याय पोचतोच असं नाही. कुणाच्या हातात जमीन आहे आणि कुणाच्या हातात काटा आहे, यावर त्या ज्ञानाचं फळ कुणाच्या ताटात पडणार हे ठरतं. आपल्याकडे १९५०नंतर सहकारी कारखाने उभे राहिले आणि दोन-चार एकरांचा शेतकरी सभासद झाला, म्हणून नव्या जातीचा लाभ त्याच्यापर्यंत थेट पोचला. सहकारात नंतर शिरलेले दोष खरे आहेत, पण हा फरक विसरता येणार नाही.

आपली जात, आपलं नाव

नाताळनं जे केलं तेच पाडेगावनंही केलं. कोईमतूरला देशभरातल्या ऊस केंद्रांसाठी संकराची एक बाग राखलेली आहे. तुऱ्याच्या हंगामात राज्याराज्यांतले संशोधक तिथे जातात, आपल्या गरजेप्रमाणे आई-बाप निवडतात, संकर करतात आणि बी घेऊन आपल्या केंद्रावर परततात. पाडेगाव आज महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. १९९६ साली को ८६०३२ ही जात महाराष्ट्रात 'नीरा' या नावानं आली. तिचे आई-बाप को ६२१९८ आणि कोसी ६७१. कोसी ६७१च्या एका बाजूला ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा ऊस आहे, दुसऱ्या बाजूला को ७७५, आणि को ७७५च्या मागे पुन्हा जावाची पीओजे २८७८. सांगलीच्या शेतकऱ्याला ही वंशावळ ठाऊक नसली तरी चालतं. '८६०३२' एवढं म्हटलं की भरवशाची साखर, चांगला खोडवा आणि पाण्याचा थोडा ताण सोसण्याची ताकद त्याच्या डोळ्यांसमोर येते.

२००७ साली आलेली को एम ०२६५, म्हणजे 'फुले २६५', ही गोष्ट आणखी पुढे नेते. कृष्णाकाठच्या वाळवा, मिरज, पलूस तालुक्यांत हजारो एकर जमीन क्षारपड झालेली आहे. जादा पाणी आणि निचऱ्याचा अभाव यांनी तिच्यावर मीठ फुललं. दुसऱ्या देशात निवडलेली जात या दुखण्यावर उतारा ठरेल याची खात्री नसते, कारण तिची पारख करणाऱ्यांना हे दुखणं माहीतच नसतं. 'दोनशे पासष्ट' अशा जमिनीतही तग धरते आणि खोडवाही जोमदार देते. आपलं दुखणं ओळखणारे डोळे निवड करत होते, म्हणून ही जात हाती लागली.

आता तर संकराचं कामही महाराष्ट्रात होऊ लागलं आहे. साखर कारखान्यांनी १९७५ साली पुण्याजवळ मांजरीला उभारलेल्या आणि पुढे सांगलीच्या वसंतदादा पाटलांचं नाव लाभलेल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटनं सिंधुदुर्गातल्या आंबोलीला ऊस पैदास केंद्र चालवलं आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या त्या दमट हवेत उसाला चांगला तुरा येतो. केनियानंही आपला संकर मोंबासाजवळच्या किनाऱ्यावर मत्वापाला नेला, कारण ऊस पिकवणाऱ्या उंच पश्चिम भागात तो जमत नव्हता. दोन्ही ठिकाणी वाट एकच : आधी तयार जात आणायची, मग दुसऱ्याचं बी आणून आपण निवडायचं, आणि शेवटी आपल्याच भूमीत तुऱ्याला मानवणारी जागा शोधून संकरही आपणच करायचा. क्षमता वाढते ती अशी पायरीपायरीनं, आणि प्रत्येक पायरी चढायला एकेक पिढी लागते.

२००२ चा पावसाळा

या सगळ्या शिकवणीची कसोटी लागली ती सांगली जिल्ह्यात. जुलै २००२ मध्ये उसाच्या पानांखाली पांढरी लोकर पसरलेली दिसू लागली. बोट लावलं की चिकट. पानांवर मधासारखा स्राव सांडायचा, त्यावर काळी बुरशी चढायची आणि पानं करपल्यासारखी दिसायची. ही कीड म्हणजे लोकरी मावा. सांगलीतून ती पाहता पाहता शेजारच्या जिल्ह्यांत आणि कर्नाटकात पसरली. पुरुषभर उंच, दाटीच्या उसात आत शिरून फवारणी करणं कठीण. फवारणी केली तरी पानाच्या खालच्या बाजूची कीड सुटते, आणि औषधानं मित्रकीटक मात्र मरतात.

महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला ही कीड नवी होती. विज्ञानाला ती नवी नव्हती. तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन लिओ झेंटनर या कीटकशास्त्रज्ञानं १८९७ साली केलं होतं, जावात. त्याच झेंटनरनं तीन वर्षांनी जावातल्याच एका बारीक गांधीलमाशीचंही वर्णन केलं होतं, जी या माव्याच्या अंगात अंडी घालून त्याला संपवते. एन्कार्सिया हे तिचं नाव. म्हणजे सांगलीत कीड येण्याआधी शंभर वर्षं, जावातल्या उसाच्या मळ्यांत तिचा शत्रू ओळखला गेला होता.

यानंतर जे घडलं ते देवाणघेवाणीचं उत्तम उदाहरण आहे. कोणता मित्रकीटक शोधायचा हे जुन्या नोंदींनी सांगितलं. ईशान्य भारतात मावा आधीपासून होता, तिथे एन्कार्सियाही होती. ती तिथून आणून महाराष्ट्र-कर्नाटकात सोडली गेली. पण त्याआधीच आपल्या फडांत दोन स्थानिक शिकारी कामाला लागले होते. एक डिफा नावाच्या पतंगाची अळी, दुसरा मायक्रोमस नावाचा कीटक. कृषी विद्यापीठ, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि बेंगळुरूचं जैविक कीड नियंत्रणाचं केंद्र यांनी शेडनेटखाली हे कीटक वाढवण्याची पद्धत बसवली. शेतकऱ्यांनी डिफाच्या अळ्या-कोष असलेली पानं ओळखायला शिकून ती एका फडातून कापून दुसऱ्या फडात नेऊन टांगली. काही हंगामांत माव्याचा जोर ओसरला.

यात कुणाचं श्रेय किती, असा प्रश्न निरर्थक आहे. जावाची जुनी नोंद, आसामचा कीटक, पुण्या-बेंगळुरूची प्रयोगशाळा आणि वाळव्याच्या शेतकऱ्याची नजर यांतली एक कडी जरी निसटली असती तरी काम अडलं असतं. शेवटची कडीही तितकीच मोलाची, कारण पान उलटून पाहणारा आणि 'ही अळी मारायची नाही, ही आपली आहे' असं शेजाऱ्याला सांगणारा माणूस तिथे होता.

देणं आणि घेणं

१९५०-६०च्या दशकांत स्वतंत्र झालेल्या देशांना हे कळायला वेळ लागला नाही की श्रीमंत देशांकडून येणारी मदत बहुधा तयार वस्तूच्या रूपात येते, आणि वस्तू बिघडली की पुन्हा त्यांच्याच दारी जावं लागतं. भारतानं सप्टेंबर १९६४ मध्ये आयटेक हा तांत्रिक सहकार्याचा कार्यक्रम सुरू केला. त्याखाली आशिया-आफ्रिकेतल्या देशांची माणसं भारतीय संस्थांत शिकायला येतात. १२ सप्टेंबर १९७८ रोजी ब्युनोस आयरेस इथे १३८ देशांनी विकसनशील देशांच्या आपापसांतल्या तांत्रिक सहकार्याचा आराखडा मंजूर केला. आज तो दिवस संयुक्त राष्ट्रसंघ दरवर्षी या सहकार्याचा दिवस म्हणून पाळतो. साखरेच्या क्षेत्रात १९३६ साली सुरू झालेल्या कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेत आशिया-आफ्रिकेतले विद्यार्थी शिकून गेले, आणि नायजेरियानं इलोरिनला आपली साखर संस्था उभारताना कानपूरची मदत घेतली.

करारांची भाषा मोठी असते. त्याची खरी परीक्षा मात्र पाडेगावसारख्या ठिकाणी होते. समजा, उद्या आफ्रिकेतल्या एखाद्या देशाचा कृषी अधिकारी फलटणला आला. त्याला ८६०३२ची गाडीभर टिपरी देऊन निरोप दिला, तर आपण त्याला एक हंगाम दिला. त्याच्या देशात रोग वेगळे, पाऊस वेगळा, जमीन वेगळी. चार वर्षांत ती जात पडली तर दोष कुणाला द्यायचा? त्याऐवजी त्याला फ्लफ दिलं, ट्रेमध्ये रोपं कशी जगवायची ते दाखवलं, काणी आणि गवताळ वाढ फडात कशी ओळखायची आणि रोगट बेटं मुळासकट का उपटायची हे समजावलं, मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित असा तीन पायऱ्यांचा बेणेमळा कसा राखायचा ते हातानं करायला लावलं, तर तो परत जाऊन आपलं पाडेगाव उभारू शकतो. पहिल्या प्रकारात आपलं नाव होईल. दुसऱ्या प्रकारात त्याचं काम होईल.

घेतानाही हीच शिस्त हवी. जावानं एका जातीवर सगळा भार टाकला, तैवाननं तेच केलं, आणि आपणही वर्षानुवर्षं एका ८६०३२वर विसंबलो आहोत. एनको ३१० जिथे जिथे पसरली तिथे काणीनं तिला घेरलं. कोसी ६७१ साखरेला उत्तम, पण लालकुजीला बळी पडली. एकच जात जिल्हाभर असली की एकच रोग जिल्हाभर पसरायला पुरतो. शेजारच्याचा अनुभव ऐकून शहाणं व्हायचं असेल तर पहिला धडा हा आहे की दर कारखान्याच्या क्षेत्रात तीन-चार जाती मुद्दाम नांदत्या ठेवाव्यात.

दुसरा धडा पाण्याचा. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत कृष्णाकाठचा वाळवा आहे आणि तहानलेले माण, खटाव, आटपाडी, जतही आहेत. ताकारी, म्हैसाळ, टेंभू योजनांचं पाणी मोठ्या कष्टानं चढवून तिकडे नेलं. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा राहतो आणि सगळा वेळ पाणी पितो. कोणती जात लावायची हे ठरवण्याची क्षमता जितकी मोलाची, तितकीच ऊस कुठे लावायचा नाही हे ठरवण्याचीही. ते धैर्य बाहेरचा कुणी आणून देणार नाही. ठिबकवरचा ऊस, पाचट न जाळता सरीत कुजवणं, निचऱ्याच्या चरी, कमी पाण्याची पिकं, हे सगळं ज्ञान आपल्याकडे आहे. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या 'ज्ञानयाग'सारख्या शिबिरांतून शेतकरी ते शिकूनही येतात. ते गावच्या पाणीवाटपाच्या निर्णयांत उतरलं, तर शिकणं पूर्ण झालं म्हणायचं.

म्हणून कोणत्याही मदतीकडे, ती आपण देत असू वा घेत असू, एकच प्रश्न विचारून पाहावा : दहा वर्षांनी मदत बंद झाली तर मागे काय उरेल? यंत्र उरेल, की यंत्र दुरुस्त करणारा? उसाचं बेणं उरेल, की पुढची जात निवडणारी माणसं? पाडेगावसारखी केंद्रं सरकारच्या अंदाजपत्रकात लहानशी ओळ असतात. तिथली रिकामी पदं भरणं, प्लॉटना वेळेवर पाणी आणि नोंदींना माणूस मिळणं, हे बातमीत येण्यासारखं काम नाही. पण जावातला रोग, नाताळची थंडी आणि सांगलीचा मावा या तिन्ही वेळी उत्तर सापडलं ते अशाच नेटानं चाललेल्या, गाजावाजा न करणाऱ्या केंद्रांमुळे. ती जगवली तर आपल्याला जगाकडून घेण्यासारखंही पुष्कळ आहे आणि जगाला देण्यासारखंही.